जास्वंदीखालची माती

प्रिय ताई,

"तू शीक गं, वास माझ्या अंगाला येऊ दे." काचघरातल्या फुलांवर औषध फवारून तू तशीच मला शाळेतून न्यायला यायचीस. मैत्रिणींनी नाकाला रुमाल लावला की मी तुझ्यापुढे चार पावलं चालायचे, जणू आपली ओळखच नाही. तेव्हा तू हे हसत म्हणाली होतीस. इतकी वर्षं मी ते गंमत म्हणून सांगत आले.

आता बातमी. तुझ्या शहाणीला आठ वर्षं हुलकावणी देणारं ते एन्झाइम सापडलं! तुला सांगितलं होतं ना, फवारणीचं औषध किड्यांच्या, आणि माणसांच्याही, शरीरातलं एक एन्झाइम बांधून ठेवतं. मग नसांनी दिलेला हुकूम थांबतच नाही. हात थरथरतात, श्वास कोंडतो. मी शोधत होते ते दुसरंच, त्या विषाचा नेमका सांधा कापून त्याची धार घालवणारं. "म्हणजे कात्रीच की! मग एवढी वर्षं कसली लागतात?" असं तू म्हणाली होतीस.

कात्री तुझ्याच अंगणात होती. गेल्या सुट्टीत मी जास्वंदीखालची माती मागितली, तेव्हा "एवढी शिकलीस आणि माती चोरायला आलीस?" म्हणत तूच डबा भरून दिलास. मला ती फक्त तुलनेला हवी होती. फवारणीच्या जागेच्या मातीशेजारी एक स्वच्छ माती ठेवावी लागते, जिथे विषाला काहीच होत नाही. स्वच्छ म्हणजे ताईचं घर, एवढंच मला सुचलं. दोन्हींत औषध मिसळलं. तिसऱ्या दिवशी काचघराजवळच्या मातीत ते निम्मं उरलं होतं आणि तुझ्या मातीत नावालाही नव्हतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली म्हणून मी सहकारी बाईंवर डाफरले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात." पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच. शेवटी त्या मातीतला जिवाणू वेगळा काढला, त्याचं एन्झाइम काढलं. आज आमच्या प्रयोगशाळेत फवारणीचा पंप धुतलेल्या पाण्यातलं ते विष तासाभरात मोडतं. सगळे नाचायचेच बाकी होते.

मी मात्र जास्वंदीपाशीच अडकले. तुझ्या कपडे धुण्याच्या दगडाचं पाणी तिच्या मुळाशी जातं. विष पचवणारे जिवाणू इतके माजतात ते बहुधा त्यांना ते सतत मिळत असेल तिथेच. आणि पहिल्या दिवसाची नोंद पुन्हा पाहिली, तर आम्ही काही मिसळायच्या आधीच त्या डब्यात औषधाचा ताजा अंश होता. चार वर्षांपूर्वी तू चक्कर येऊन पडलीस, तेव्हा शपथेवर म्हणाली होतीस की फवारणी सोडली, आता फक्त फुलांच्या पेट्या भरते. ताई, पेट्या भरणारीच्या कपड्यांतून एवढं विष निघत नाही. चहा देताना तुझ्या हातातली बशी वाजायची. "वय झालं" म्हणालीस. पन्नाशीही न गाठलेल्या बाईचं कसलं गं वय? पण मी मानलं, कारण मला तेच सोयीचं होतं.

रागावले नाही. हे सगळं एकाच मागणीसाठी लिहितेय. मातीला जमलं ते शरीराला तसं जमत नाही. पण औषधापासून दूर राहिलीस, तर रक्तातलं ते बांधलेलं एन्झाइम काही महिन्यांत पुन्हा भरून येतं. असं भरून आलेलं मी स्वतः तपासण्यांत पाहिलंय, म्हणून मनाला धीर आहे. आता आमची कात्री कापडावर कशी चालते ते पाहायचंय. रविवारी येतेय. तुझा फवारणीचा डगला कुठे लपवतेस ते मला ठाऊक नाही, तूच काढून मला दे. सोमवारी तुला घालायला तो नसेल. माझ्या पिशवीला, हाताला वास लागेल म्हणून तू नाहीच म्हणशील, किंवा आदल्या दिवशी घासून धुऊन ठेवशील. तरी मागते. तो मला दे, ताई, आणि न धुता दे.

तुझीच,
चार पावलं मागे वळून आलेली शहाणी