वर न गेलेला हात

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तू मजेत असशील आणि वेळेवर जेवत नसशील, हे धरूनच लिहिते. इथे सगळं छान. धुकं एवढं दाट, की विजेचे खांब कमरेपासून वर हवेतच उभे आहेत असं वाटतं. तारा कुठून येतात, कुठे जातात, काही दिसत नाही. तुझे दाजी खुर्चीत डोळे मिटून पडलेत.

आमच्या वीज संस्थेची अध्यक्ष म्हणून मी विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला आले तेव्हा तू कायद्याचा मसुदा घेऊन मागे बसला होतास. मला "माननीय अध्यक्षा" म्हणालास. ज्याचं नाक पुसून शाळेत धाडलं त्याच्या तोंडून ते ऐकून मला हसूच फुटलं, पुढचा मुद्दा विसरले. तू मात्र मान वर केली नाहीस. रागावले नाही रे. राज्यातल्या सगळ्या वीज संस्थांचा कारभार एका मंडळाकडे जावा, असा तुझा मसुदा. आणि जी संस्था सभासदांच्या मालकीची, तिथे सभासदांनीच ठरवावं, हे माझं म्हणणं. शेवटी कायद्यात एक कलम आलं, की निम्म्याहून जास्त सभासदांनी हात वर केले तर कारभार त्यांच्याकडेच राहील. ते कुणी घातलं, विचारत नाही. तुझी वाक्यं मी ओळखते.

दाजी हल्ली जरा दमतात.

हात वर करायची ती सभा आमच्या संस्थेच्या गोदामात झाली. तारांच्या रिळांवर माणसं बसलेली, पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या, त्यात धूळ तरंगत होती. सगळे पाण्याखाली बोलताहेत असं मला वाटत होतं. मंडळाचा साहेब सांगत होता, "आमच्याकडे या, टेकडीवरून दुसरी लाइन टाकून देऊ. वाऱ्यात एक तुटली तरी वीज जाणार नाही." भला माणूस. खोटं बोलत नव्हता.

खरं सांगते. दाजींच्या नाकाला आता नळी असते. फुप्फुसं थकली आहेत. प्राणवायूचं यंत्र विजेवर चालतं. मागच्या वादळात भरदुपारी वीज गेली, तेव्हा सिलिंडरची चावी माझ्या हातून फिरेना. ते माझ्याकडे बघून हसत होते आणि ओठ निळे पडत चालले होते. तेव्हापासून मला टेकडीवरची ती दुसरी लाइनच स्वप्नात दिसते.

तर सभेत साहेब बोलत असतानाच गोदामाचं दार सरकलं. दुरुस्तीच्या गाडीतून दाजीच आले, सिलिंडर काखेत घेऊन. उभी हयात या खांबांवर चढलेला माणूस. सगळे उठून उभे राहिले. गिरणीवाला म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी मंडळाकडे जा म्हणा. तुमचा जीव त्या तारेवर टांगलाय."

"वीज गेली तर तुझ्या दारावर लाथ मारता येते मला," दाजी म्हणाले. "मंडळाचं दार कुठंय, ते सांग आधी."

सगळे हसले. ते खोकत राहिले. मग हात वर झाले, रानभर गवत उभं राहावं तसे. कारभार सभासदांकडेच ठेवायचा ठराव मंजूर झाला.

माझा हात मांडीवरच होता. एवढं भांडून मिळवलं, आणि हात उचलला नाही. जड झाला होता.

परतताना गाडीत दाजी म्हणाले, "तुझा हात दिसला नाही मला."

"डोळ्यांवर ऊन आलं असेल."

"असेल," म्हणाले, आणि माझी बोटं त्यांनी आपल्या मुठीत घेतली.

दुसरी लाइन आता आम्हीच टाकतोय. सभेनंतरचा संस्थेचा तोच पहिला निर्णय. खांब टेकडीच्या पायथ्याशी पोचलेत. वर पोचेपर्यंत दाजी असतील का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. ते मात्र खुर्चीतून खड्ड्यांची खोली विचारत असतात.

आत्ता डोळे उघडून म्हणाले, "त्याला विचार, येतोस का." कधी, ते बोलले नाहीत. म्हणून ते मी लिहिते.

लगेच.

तुझी,
ताई