खिशातली पाचर

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं तबक आपल्या बाकापाशी आलं की मला भीती वाटते. तुम्ही कडेला बसलेले असता. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले तुमच्यासमोर येतात, तुम्ही तबक दोन्ही हातांनी धरता आणि काहीही न घेता माझ्याकडे देता. मी दचकून बघते, तर शेजारी भलतंच कुणीतरी असतं.

तुम्ही पिंपरीच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. नग मापात बसला तर पास, नाही तर त्यावर लाल रंग. थोडं खपवून घ्या म्हणणाऱ्या फोरमनला तुम्ही सांगायचात, माप माणसाचं तोंड बघून बदलत नाही. घरातही तेच. सत्य एकच असतं, ते प्रभूचं असतं आणि आपल्या सोयीनं वाकत नाही, हे दापोडीच्या त्या खोलीत मी वरणभाताबरोबर गिळलं. एकदा विमावाला आला तेव्हा आईनं डोळ्यांनी खुणावलं आणि मी दारातूनच ‘पप्पा घरी नाहीत’ म्हणाले. तुम्ही आत दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तुम्ही मला त्याच्यामागं बसस्टॉपपर्यंत पिटाळलंत, ‘पप्पा घरी आहेत, मी खोटं बोलले’ असं सांगायला. तो बिचारा इतका गांगरला की परत यायलाच तयार होईना. मी त्याला ओढून आणला. आई दोन दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. मला मात्र वाटायचं, असा बाप दुसऱ्या कुणाला नाही.

समोरच्या खोलीतले काका तुमच्याच कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होते. त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहायला नको. पण कामाची घाई. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून सगळेच ती एका हातानं चालवायचे, आणि फोरमन दुसरीकडे बघायचा. त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला तुम्ही नग तपासायला तिथंच उभे होता. काकांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. चौकशीत साहेबांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही सांगितलंत की पाचर नव्हती, बटणच अडकत होतं. पाचर निघाली असती तर दोष काकांवरच आला असता. काकांची नोकरी टिकली, त्यांना स्टोअरला बसवलं. चाळीत जो तो म्हणाला, ख्रिस्ती माणूस आहे, खोटं बोलणार नाही. साहेबांनीही त्याच भरवशावर ऐकलं असणार.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तुमची पँट धुताना मला खिशात बोटाएवढा लाकडाचा तुकडा सापडला होता, तेलानं काळा झालेला. मी तो सहज खिडकीत ठेवला होता. चौकशीचा निकाल कळला त्या संध्याकाळी मी तो तुमच्यापुढं धरला. आई काकूंकडे गेली होती. मी तेरा वर्षांची. तुम्ही मला सहज उडवून लावू शकला असता.

“पाचर आहे,” तुम्ही म्हणालात. “मी काढली. आणि मी खोटं बोललो.”

“मग आता?”

“आता कुणाला सांगू नकोस. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलू नकोस.”

पप्पा, हे दोन्ही एकदम कसं जमायचं, ते मी तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी तुम्ही तबक तसंच पुढं दिलंत. मग दर महिन्याला. मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं दारू पितो, कुणी म्हणालं बाहेर बाई आहे. आई रडायची, तुम्ही तिलाही काही सांगितलं नाहीत. शेवटी चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, जे असेल ते प्रभूला सांगा, तो क्षमा करतो.

“सांगितलंय,” तुम्ही म्हणालात. “पण पश्चात्ताप होत नाही, साहेब. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. मग त्याच्या मेजाशी येऊन पश्चात्ताप झालाय म्हणणं, हे दुसरं पाप.”

असं सात वर्षं चाललं. काका रोज संध्याकाळी ओट्यावर तुमच्या शेजारी बसायचे, अंगठा आणि करंगळीत विडी धरून. पाचरीचा विषय त्यांनी काढला नाही, तुम्हीही नाही. तुम्ही त्यापायी काय सोडलंत, हे त्यांना कधी कळलं नाही.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. चौथ्या दिवशी दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन आले. पश्चात्तापाशिवाय ते देता येत नव्हतं, म्हणून तुमच्या उशाशीच त्यांनी मला विचारलं, “पोरी, तुझ्याशी ते बोलायचे. त्यांना पश्चात्ताप झाला होता का?” आई तुमच्या पायांशी बसून माझ्याकडे बघत होती. सात वर्षं लोकांच्या नजरा झेललेली आई.

“हो,” मी म्हणाले. “मला म्हणाले होते.”

त्यांनी भाकरीचा कण द्राक्षरसात बुडवून तुमच्या ओठांत ठेवला. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ तो कण तोंडात तसाच होता. मग तुम्ही गिळलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

ती नजर मला सोडत नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, कुठंही ती येते. तुम्ही मला माफ करत होता, की पुन्हा बसस्टॉपपर्यंत पिटाळत होता? तो घास तुम्हाला थुंकता आला नाही, की माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही गिळलात? देवापुढं तुम्ही सात वर्षं जे राखलंत, ते मी एका शब्दात मोडलं असेल तर तुम्ही आता कुठं आहात? आई मात्र सुखानं गेली. पाळकसाहेबही गेले, त्यामुळं धावत जाऊन सांगावं असं आता कुणी उरलेलं नाही.

पाचर माझ्याकडे आहे, बांगड्यांच्या डब्यात. हे पत्रही घडी घालून तिथंच ठेवीन. एक सांगायचं राहिलं. तुमच्यासारखाच मलाही पश्चात्ताप होत नाही. पण पप्पा, तबक आलं की मी ते पुढं देत नाही. मी घेते.