पत्रिकेतला 'सोशिक'

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ताईच्या तेरवीची पत्रिका लिहायला बसलो. जिजाजी समोरच होते. म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं आहे, भाऊ. 'सोशिक स्वभावाची' असं टाका. कधी तोंड उघडलं नाही तिनं."

भाचीने विचारलं, "मामा, सोशिक मतलब?"

"सहनशील," म्हणालो आणि लिहिलं. का लिहिलं?

सोसण्यावरून झालेला शब्द. म्हणजे सोसायला लावणारा कोणीतरी हवाच. त्याचं नाव त्याच पत्रिकेत खाली, शोकाकुल म्हणून. त्याखाली माझं.

हा ताईचा स्वभाव नव्हताच. माहेरी, गुढ़ियारीत, पाण्याच्या टँकरपाशी कोणी रांगेत घुसलं की ती त्याची बादली हिसकून घ्यायची. सोशिक ती लग्नानंतर झाली. एकदा फोनवर म्हणाली होती, "हे हात उचलतात. मले घेऊन जा." मी म्हणालो, "थोडं सोसून घे, ताई." दुसरं काही म्हणता आलं असतं.

दुपारी पंडरीच्या प्रेसमध्ये जाऊन छापायला गेलेल्या पत्रिकेतून तो शब्द काढायला लावला.

"उसकी जगह क्या डालूँ, भैया?"

"कुछ नहीं. नीचे से मेरा नाम भी हटा दो."

जिजाजी कारण विचारतील. भाचीसमोरच सांगेन.

घरी येऊन दोन दिवसांचे कपडे धुतले.