माळेची माय

रविवार, ६ फेब्रुवारी १९३८

आज बाजारात सरकारचं नवं सोंग निघालं. लिंबाखाली टेबल, वर हिरवं कापड, मागे वाशीमहून रंगवून आणलेली पाटी: 'पोलीस रयतेचा मित्र'. टेबलामागे नवे ठाणेदार. जबलपूरकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. "कृपया आपली व्यथा निवेदन करा," म्हणाले. समोर मिरच्या विकणारी बाई होती. तिनं टोपलं उचललं आणि जागाच बदलली.

मी साहेबांच्या उजवीकडे. दुभाषी! ही नोकरी जमादारमामांनी लावली. अमरावतीचं कॉलेज मधेच सोडून आल्यापासून मामांनी माझं नाव 'अर्धे बी.ए.' ठेवलंय. आता ठाण्यातले शिपाईही तेच म्हणतात. स्वतः चौथी नापास.

साहेबांचा नियम: 'तो म्हणतो, ती म्हणते' असली लांबण नको. जसं बोलतील तसं सांगायचं. एक जण आला, "म्या बायकोले हानलं, थे माहेरी गेली, आनून द्या." मी सांगितलं, "मी बायकोला मारलं." साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. माझं लग्न झालेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरीही.

मंगळवार, ८

व. दिसली. (पूर्ण नाव लिहीत नाही, मामीला वाचता येतं.) कुंपणापलीकडे कुरड्या वाळत घालत होती. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे मुद्दाम बघितलं नाही. ह्यात फरक आहे.

केनवड गावी लग्न ठरलंय तिचं. नवरदेवाच्या दावणीला म्हणे बैलच बैल. पाहिलंय त्याला. बोलायला लागला की त्यांच्यातलाच एक वाटतो.

मामी सांगत होती, बोलणीत ठरलंय की घरातली जुनी सोन्याची माळ अंगावर घालून मुलगी द्यायची. माळ नाही तर लग्न नाही. असल्या घरात ती जाणार. आणि मी इथे टेबलाला टेकून.

रविवार, १३

टेबलाशी आज शेवंताकाकू. व.ची आई. डोळे सुजलेले.

"सायेब, माही माय गेली वो! सोन्याची माय होती माही!"

आमच्याकडे ळ ला कोणी विचारत नाही. डोळ्याचा डोया, केळ्याचं केयं, तशी माळेची माय. साहेबांच्या पुस्तकात हे पान नसावं. ते उभे राहिले. टोपी काढली.

"ईश्वरेच्छा. वय काय होतं?"

"माह्या आजीच्या टायमाची होती जी!"

साहेब जरा गोंधळले. मग म्हणाले, "दीर्घायुषी होत्या. आता शोक आवरा." आणि पुढच्या माणसाला हात केला.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. एवढं मराठी आपल्याला येतं, अशी त्यांची समजूत. मामा शेजारीच होते, त्यांना सगळं कळलं. परतताना विषय काढला तर म्हणतात, "सायबाले कोन सांगते? तू सांगतं?"

मी नाही सांगत. माळ नाही तर लग्न नाही. पोलीस खात्यावर एवढा विश्वास मी जन्मात ठेवला नव्हता.

सोमवार, १४

हे लिहिताना हात हसतोय.

साहेब काकूंकडे सांत्वनाला गेले. रयतेच्या दुःखात सामील व्हायचं म्हणून! मागे मामा, दोन शिपाई, मी. अंगणात काकूंची आई हरभरे सोलत बसलेली.

"ह्या कोण?"

"माही माय," काकू म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे गेल्या म्हणजे निघून गेल्या होत्या! सापडल्या! केव्हा?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कुंपणाकडे. म्हातारी बहिरी, तिनं साहेबांच्या हातावर सोललेले हरभरे ठेवले. त्यांनी ते उभ्या उभ्या खाल्ले.

संध्याकाळी वाशीमच्या मोठ्या साहेबांना रिपोर्ट गेला: बाजारातल्या टेबलामुळे हरवलेली वृद्धा सुखरूप घरी. मीच लिहिला. सुवाच्य अक्षरात.

व. दारात उभी होती. हसली नाही. का हसली नसेल?

गुरुवार, १७

हसणं संपलं.

केनवडवाल्यांनी मामांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि मामांनी किसनाला उचलून आणला. काकूंच्या वावरात सालानं राबणारा गडी. माळ त्यानंच नेली म्हणे. कुठे नोंद नाही, साहेबांना पत्ता नाही. मागच्या खोलीत 'विचारपूस'. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेली पाटी: पोलीस रयतेचा मित्र.

साहेबांनी विचारलं, "कोण ओरडतंय?"

मामा म्हणाले, "दात दुखून राह्यला त्याचा, सायेब."

साहेबांनी लवंग पाठवली. खरंच पाठवली. मीच नेऊन दिली. किसनाचा ओठ फाटलेला. म्हणाला, "देवाची आन, म्या थे माय पाह्यली बी नाई." लवंग मुठीत धरून बसला.

मामा घरी येऊन नेहमीसारखे जेवले. दोनदा वरण मागितलं.

शनिवार, १९

व. बोलली. माझ्याशी. पहिल्यांदा. मनात शंभरदा बोललीय, पण तिथे अशी बोलत नाही.

"तुमी तिथं बसता अन् बोलत नाई? मंग जाता कायले? टेबल पुसाले?"

म्हटलं, माळ सापडली तर तुझं लग्न होईल ना...

"माय माह्यापाशीच हाय. तुरीच्या पोत्यात."

मी कुंपण धरलं.

"केनवडले नाई जा लागत मले. म्हनून घेतली. किसनाभाऊले मार खावाले नाई घेतली."

काहून नाही जायचं, विचारलं. काय उत्तर हवं होतं ते लिहीत नाही.

"तुमच्यासाठी नाई. उगीच फुगू नका."

मामांना तिनं कालच सांगून बघितलं. मामा म्हणाले, "घरी जाय पोरी, गड्यासाठी खोटं बोलून राह्यली तू." ठाण्यात तिला पायरी चढू देणार नाहीत. "म्हनून उद्या बजारात येतो मी. टेबलापाशी, साऱ्याईसमोर सांगतो. तुमी फक्त नीट सांगा, सायबाच्या भाषेत."

म्हटलं, गावभर नाव होईल. कोठडीही होईल.

"मंग? किसनाभाऊ कुठी हाय आता?"

गेली. कॉलेजात माझे दोस्त रात्रंदिवस क्रांतीच्या गप्पा मारायचे. ह्या पोरीच्या पासंगाला पुरत नाहीत. मीही नाही, हे लिहायला जड जातं.

रविवार, २०, सकाळी

टेबल पुढे गेलं. पाटी गेली. साहेब खुशीत, आज गर्दी होईल म्हणतात. किसना मागच्या खोलीतच.

ती येईल. म्हणेल, "माय म्या घेतली." साहेब माझ्याकडे वळतील.

मी 'आई' म्हणालो तर साहेब पुन्हा टोपी काढतील. ती सुटेल, किसना मरेल. तेव्हा 'माळ' म्हणायचं. तेवढं ठरलं.

पण नियम म्हणजे नियम. 'ती म्हणते' नाही. जसं बोलतील तसं. सरळ साहेबांच्या डोळ्यात बघायचं आणि सांगायचं: माळ मी घेतली.

आणि गप्प बसायचं. पुढे एक शब्द जोडायचा नाही. त्या दिवशी बायको मारल्याचं त्यांनी माझ्यावर धरलंच होतं. आज माळ धरतील. गर्दीत मामा असतील, त्यांना सगळं कळेल. पण सायबाले कोन सांगते?

भीती एकच. व. मला नुसतं बोलून गप्प बसू देईल का? तिचा काही नेम नाही. टेबलावर हात आपटून म्हणेल, ह्यानं नाई, म्या!

मामांनी हाक मारली. "अर्धे बी.ए., चाला लवकर, सायेब वाट पाहून राह्यले!"

कुंपणापलीकडे दार वाजलं. ती माझ्याआधी निघाली.