कागद थांबत नाही

३ तारीख, सोमवार

नापास! नेम सगळे बरोबर, तरी नापास. कारण काय, तर ओरडले नाही. आम्हा गोदामाच्या पहारेकऱ्यांना बंदूक शिकवणारे उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, चोराला चहाला बोलावताय का?" आधी मोठ्यानं "थांब! नाहीतर गोळी घालीन!" – मगच चाप. आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा. तीही हुकली तर बंदूक जमा आणि नोकरीला रामराम.

५ तारीख

ओरडता येतंय की मला! न्हाणीघरात सराव केला. बाहेरून सासूबाई – "अगं, झालं काय?"

मैदानावर कागदी माणसासमोर चाळीस वेळा. थांब – गोळी घालीन – ठो! थांब – गोळी घालीन – ठो! उस्ताद खूश. मी विचारलं, "आणि तो थांबला तर?"

"कागद कधी थांबतो होय?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. मग दिवसभर जिवाला चैन नाही.

८ तारीख

घरी यांना चोर केलं. हातात लाटणं दिलं आणि मी छत्री रोखली. "थांब! नाहीतर गोळी घालीन!" बिचारे लगेच थांबले. लाटणं टाकलं, हात वर. आणि छत्री फाट्‌कन उघडली! माझंच बोट बटणावर.

सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. हे म्हणतात, "या घरात शरण आलं तरी सुटका नाही बुवा!"

मला नाही हसू आलं. पुन्हा करा म्हटलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा छत्री उघडली.

११ तारीख

पास! आवाज पार रस्त्यापर्यंत गेला म्हणे.

उस्तादांना छत्रीचं सांगायचं होतं. जीभच रेटेना. पास झाल्यावर कशाला उगाच खुसपट काढा!

१९ तारीख



दुपारी अडीचला मागच्या फाटकातून एक जण घुसला. हातात सळई. माझ्यावरच धावून आला. मी ओरडले. गोळी सुटली. त्याच्या मांडीत लागली. दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर नाही.

तिथे आम्ही दोघंच होतो. पण आवाज सगळ्या गोदामानं ऐकला. जो तो साहेबांना सांगतोय – "बाईंनी आधी बजावलं, मगच गोळी." उस्तादांनी पाठ थोपटली. "अगदी शिकवलं तस्संच!"

घरी ताट तसंच राहिलं.

२० तारीख

तो थांबला होता. सळई टाकून, हात वर करून – अगदी यांच्यासारखाच.