पुऱ्यांच्या तेलाची मेणबत्ती

२७ ऑक्टोबर
नणंद येऊन गेली. पुऱ्या झाल्या, तेल उरलं – काळंभोर! सासूबाईंनी डब्यात भरून फडताळात ठेवलं. म्हटलं, आई, फेका. "तेल काय फुकट येतं व्हय?"
यांची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष नाही झालं. डॉक्टर बजावून थकले – तळणीचं तेल पुन्हा नको! मी दिवसभर चिकलठाण्याला कंपनीत. माघारी कढईत काय पडतं, कोण बघणार?

२९ ऑक्टोबर
डाव टाकला. विहारातून जळक्या मेणबत्त्यांची थोटकं मागून आणली. आईंना सांगितलं, ती वितळवून गाळलेलं तेल मिसळलं की पौर्णिमेच्या वंदनेला नवी मेणबत्ती. विहाराचं नाव काढल्यावर नाही कशा म्हणतील?
"बुद्धापुढं खरकटं तेल?" एवढंच पुटपुटल्या. डबा मात्र दिला.

३० ऑक्टोबर
फसली! तेल जास्त पडलं. वाटीत नुसता शिरा, घरभर पुऱ्यांचा वास. हे पोट धरून हसले. मला हसू येईना.

१ नोव्हेंबर
मेण वाढवलं – घट्ट झाली! पण उरलेल्या तेलाचा डबा हलका लागला. नखानं खूण केली होती, तेल बोटभर खाली. विचारलं.
"मला काय ठाव?" वर बघेचनात.
यांना जिन्यात दम लागला आज. आई आहे की वैरीण!

२ नोव्हेंबर
यांना सांगितलं. "माझ्या आईवर संशय?" न जेवताच झोपले.

४ नोव्हेंबर
अर्धी सुट्टी टाकून दुपारीच घरी. आई गॅसपाशी, कढईत तेच काळं तेल, वर वांगी! ओरडलेच – "पोराला मारायचंय का?"
त्यांनी झाकलेलं पातेलं पुढं सरकवलं. त्यातही वांगी, पण तेल ताजं.
"ही राजकुमारची अन् तुझी. कढईतलं माझं. तेल टाकवत नाय गं सुलेखा, लई जिवावर येतं."
पाणी प्यायले आणि बसून राहिले.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
मेणबत्ती आईंच्याच हातून लावली. छान जळली. पण विहाराच्या पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबल्या, छातीवर हात ठेवून. "नेहमीचंच हाय," म्हणाल्या. नेहमीचंच! एका घरात राहून मी फक्त यांचाच दम ऐकत होते. उद्या सकाळी आईंना दवाखान्यात नेते.