एम म्हणजे म्युटंट

३ जून, सकाळी ९
नवी रोजनिशी. पीएचडीचं सहावं वर्ष. या महिन्यात निकाल लागलाच पाहिजे. विषय सोपा आहे, फक्त गाईड मॅडमना कळत नाही. जंतू अंगावर साखरेचं पांघरूण घेतो, म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो घरचाच वाटतो आणि त्या त्याला सोडून देतात. मी पांघरूण काढलेला जंतू, म्हणजे म्युटंट, बनवलाय. बहुतेक. मूळ जंतूच्या नळीवर लाल 'एम', म्युटंटच्या नळीवर निळा 'एम'. पूर्ण नावं लिहीत बसायला वेळ कुणाला आहे?

५ जून
काल लिहायचं राहिलं. तीस तारखेला कमिटी. निकाल नसेल तर रजिस्ट्रेशन रद्द. मॅडम म्हणाल्या, आता गोड बोलून वेळ मारून नेऊ नका. मी गोड हसलो.

११ जून
लाल नळी उघडली, म्हणजे माझा म्युटंट. प्लेटवरून काडीने उचलला तर बोटभर तार! काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, अगदी एकतारी पाक झालाय. साखर काढल्यावर पाक कुठून? पाणी खराब असणार. वैताग.

१७ जून
पांढऱ्या पेशींनी लालला हातही लावला नाही. निळ्याचा मात्र फडशा. डोकं फुटायची वेळ आली. बायको म्हणाली, उलटसुलट तर झालं नाही ना? ती भूगोल शिकवते. दुर्लक्ष केलं.

१८ जून, दुपारी ४
उमगलं! पाठ्यपुस्तकंच चुकली आहेत. साखर काढली की जंतू आणखी चिवट होतो. सत्काराचं भाषण लिहायला घेतलं.

२४ जून
फ्रीझर आवरला. निळी नळी, तिच्या प्लेटा, सगळं उकडून जंतू मारून टाकायला सांगितलं. असला पुचाट जंतू ठेवायचा कशाला? मावशींनी दोनदा विचारलं, नक्की ना? कामात नसती ढवळाढवळ.

३० जून
बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं. लाल म्हणजे म्युटंट, कशावरून? म्हटलं, लेखी पुरावा आहे. हीच रोजनिशी काढून ३ जूनचं पान मोठ्याने वाचलं. मॅडमना कळत नाही, इथपासून. 'मूळ जंतूच्या नळीवर लाल' इथे थांबलो.

म्हणजे जमलं होतं. सहा वर्षं ज्याच्यासाठी जीव काढला, तो जंतू बनला होता. पेशींनी खाल्लाही होता. जिन्यात बसून रडलो.

मॅडमनी शांतपणे विचारलं, निळी नळी कुठे आहे?

मावशींनी धुऊन पालथी घातली आहे. लख्ख. निळा एम तेवढा घासूनही गेला नाही म्हणाल्या.